तीन सिलिंडरवर माळशेज

आमच्या टोकावड्याच्या नाक्यावर नवीन गाडी आली की तिचा रंग कोणी बघत नाही, टायर कोणी बघत नाही. आधी विचारतात, सिलिंडर किती? चार म्हटलं की माना डोलतात. तीन म्हटलं की लोक गाडीवाल्याकडे असं बघतात, जसं काही त्याच्या घरात कोणी आजारी आहे. या नजरा मी सहा वर्षं झेलल्या. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात वाद माझ्या गाडीच्या इंजिनाचा. या सहा वर्षांत नाक्यावर माझी जेवढी भांडणं झाली, तेवढी पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोशी झाली नाहीत. हे बायकोही कबूल करते.

त्याआधी मी शहापूरकडे एका कारखान्यात कंप्रेसरवर होतो. दिवसभर यंत्राचा आवाज ऐकायचा आणि त्यात काही बदललं की साहेबाला सांगायचं, एवढंच काम. कान तयार झाले ते तिथं. कारखाना बंद पडला तेव्हा मी घरी आलो आणि ठरवलं की आपणही दादासारखी जीप चालवायची. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मुरबाड ते वैशाखरे या रस्त्यावर त्याची जीप माझ्या लग्नाच्याही आधीपासून आहे. मुरबाडला माणसं भरायची, आठवण ठेवून ज्याला त्याला त्याच्या फाट्यावर उतरवायचं, संध्याकाळी उलट. त्याची गाडी चार सिलिंडरची, जुन्या बनावटीची. तिचा आवाज गावातली म्हातारी माणसंसुद्धा लांबून ओळखतात.

मला गाडी मिळाली तानसाच्या बाजूला. एका माणसाने ती तीन वर्षं वापरली होती आणि आता विकायला काढली होती. मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि डोळे मिटून उभा राहिलो. पाच मिनिटं नुसता ऐकत होतो. आवाजात कुठं खोट नव्हती. सिलिंडर तीन आहेत हे मला दिसत होतंच, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी गाडी घेतली आणि त्याच दुपारी घरी घेऊन आलो.

दादा अंगणात उभा होता. त्याने बॉनेट उघडून आत डोकावलं, बोटाने मोजलं, आणि बॉनेट परत लावताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तीन?" तो म्हणाला. "अरे, रिक्षा घ्यायची व्हती तर सांगायचं व्हतंस. शहापुरात मिलतात चांगल्या."

"दादा, आता नव्या जीपा तीन सिलिंडरच्याच येतात."

"येत असतील. टिकत नाय. तीन तिगाडा, काम बिगाडा."

झालं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर माझ्या गाडीचं बारसं झालेलं होतं. मी आलो की एकजण ओरडायचा, "तिपाई आली रे, सरका!" आणि बाकीचे हसायचे. मी उतरून दोन-चार जणांना ऐकवायचो, ते आणखी हसायचे. चिडणाऱ्याला चिडवण्यात मजा असते, हे मला कळत होतं, पण वळत नव्हतं.

आमच्याकडे तिनाचा आकडा कोणालाच आवडत नाही, हे इथं सांगायला हवं. ताटात तीन भाकऱ्या वाढत नाहीत. एखाद्या कामाला तिघं निघाले तर वाटेतला एक खडा उचलून खिशात टाकतात, म्हणजे तो चौथा. सोयरीक बघायला जाताना, जमिनीच्या मोजणीला जाताना, दवाखान्यात जाताना. माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे, तिचा तर या खड्यावर देवाएवढा विश्वास. तिने जीपला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग दादाला हळूच विचारलं, "या तिनाला चवथा कोन?" दादा म्हणाला, "नायच ना आये, तेच तर मी सांगतो." आईचा चेहरा पडला. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही, इथं चुकलो.

खरं तर चार आणि तीन यांतला फरक अवघड नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन दट्टे वर असतात तेव्हा दोन खाली असतात, म्हणून ते आपलं आपण तोललेलं असतं. तिनाचं तसं नाही. एका उखळात तीन बायका आळीपाळीने मुसळ घालतात, तसं ते चालतं. ताल पक्का असतो, पण उखळाखालची जमीन भुसभुशीत असेल तर उखळ डुलतं. ही जमीन म्हणजे इंजिनाखालचे रबर. ते चांगले ठेवायचे, तेल वेळेवर बदलायचं, घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवून मग बंद करायचं. एवढं केलं तर तीन काय आणि चार काय. उलट एक सिलिंडर कमी म्हणजे झिजणारा माल कमी. पण हे मी नाक्यावर सांगायला लागलो की लोक चहा प्यायला निघून जायचे. गाडी उभी केल्यावर मी मिनिटभर इंजिन चालू ठेवायचो, त्याला ते म्हणायचे, "आरती चाललीय, प्रसाद घेऊनच जा."

दादाने एकदा माझी गाडी चालवून बघितली. मुरबाडहून टोकावड्यापर्यंत. उतरला तो हात झटकतच. "गदागदा हलते," म्हणाला. "बस बाबा. मनके ढिले झाले." तो असं का म्हणाला ते मला फार नंतर समजलं. त्याच्या जुन्या इंजिनाला ताकद खालच्या वेगातच भरपूर. ते लोक दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात लगेच टाकतात आणि गाडी हळूहळू ओढत नेतात. त्यात डिझेल वाचतं, असा त्यांचा पिढीजात समज. माझ्या इंजिनाला असं चालवलं की ते अंग घुसळतं. खालच्या गिअरमध्ये, जरा मोकळं फिरू दिलं की तेच इंजिन लोण्यासारखं चालतं. नाक्यावरच्या ज्याने ज्याने माझी गाडी चालवली त्याने ती आपल्या सवयीने चालवली आणि खोड गाडीला लावली. नाचता येईना, अंगण वाकडे.

आणि टिकाऊपणाचं म्हणाल, तर दादाच्या गाडीचं इंजिन दोनदा पूर्ण उघडून झालेलं आहे. दोनदा! पण ते कोणी मोजत नाही. मी एकदा विचारलं तर दादा म्हणाला, "काम केलं म्हंजी नवीनच झालं ना ते. टिकाऊ हाय म्हनून तर काम करता येतं." माझं सहा वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं, तरी ते नाजूक. एकदा नाव पडलं की पडलं, मग ते माणसाचं असो नाहीतर इंजिनाचं. दादाची गाडी वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. ती चांगलीच आहे. पण माझीही चांगली आहे, एवढं एक वाक्य मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

माझी मुलगी या गाडीत मोठी झाली म्हटलं तरी चालेल. मुरबाडला कॉलेजात होती तेव्हा रोज सकाळी माझ्या शेजारच्या सीटवर बसून जायची. पुस्तक उघडं ठेवून गिअर कधी बदलेल त्याचा अंदाज घ्यायची आणि पान उलटायची. गाडीला कोणी तिपाई म्हटलं की ती माझ्याआधी भांडायची. स्वभाव बापाचा. मग तिला नोकरी लागली, आणि यंदा तिचं लग्न ठरलं. सोयरीक घाटावरची. लग्न नवऱ्यामुलाच्या दारात, म्हणजे वऱ्हाड घेऊन आम्हाला माळशेज चढून जायचं होतं, वैशाखाच्या उन्हात.

याद्या झाल्या त्याच दिवशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी बाबांच्या गाडीतून जानार."

मला एवढा आनंद झाला की मी उठून बाहेर गेलो. बापाने मुलीला आपल्या गाडीतून मांडवापर्यंत न्यावं, यापेक्षा मोठी हौस मला तरी नव्हती. पण मी परत आत आलो तेव्हा दादा आणि आई यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

"नवरीची गाडी घाटात बंद पडली तर?" दादा म्हणाला. "तुला अपशकुन कलतो का? लोक जन्मभर तिलाच बोल लावतील. सासरी गेली तरी म्हनतील, हीच ती, घाटात अडकलेली."

"का बंद पडेल?"

"तीनाचं इंजिन हाय, म्हनून. माझी गाडी नवरी नेनार. आजवर घरातल्या सगल्या पोरी माझ्याच गाडीतून गेल्यात."

हे खरं होतं. चुलत्यांच्या मुली, दादाची स्वतःची मुलगी, सगळ्या त्याच्या जीपमधून गेल्या. त्याच्या बोलण्यात प्रेम होतं, हे मला कळत होतं, म्हणूनच जास्त राग आला. आई दादाच्या बाजूने. मी म्हटलं, माझी मुलगी माझ्याच गाडीतून जाईल, आणि ताटावरून उठलो. त्यानंतर आमच्या दोघा भावांचं बोलणं बंद झालं. एकाच अंगणात दोन गाड्या उभ्या आणि आम्ही एकमेकांकडे पाठ करून काचा पुसत होतो.

लग्नाला चार दिवस राहिले आणि माझ्या गाडीने आवाज द्यायला सुरुवात केली.

मुरबाडहून निघालो तेव्हा काही नव्हतं. अर्ध्या वाटेत एक खड्डा लागला, आणि पुढे बघतो तर इंजिनात खट खट खट. गाडी उभी केली तरी खट खट. पॅसेंजर माझ्याकडे बघायला लागले. टोकावड्याला आलो तर नाक्यावरचे सगळे उठून उभे राहिले, आवाज त्यांनीही ऐकला होता. त्या दिवशी कोणी तिपाई म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

गॅरेजमध्ये गाडी लावली. मिस्त्री आला, त्याच्यामागोमाग दादाही आला. बोलणं बंद होतं, तरी आला. मिस्त्रीने कान लावला आणि म्हणाला, "खालचं बेरिंग गेलं. इंजिन उघडावं लागेल."

"किती दिवस?" मी विचारलं.

"सामान येनार, लेथवर खराद होनार. आठ दिवस धरा."

जमलेल्यांनी माना हलवल्या. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आणि तिथं सात-आठ मुखं होती, सगळ्यांचं एकमत. दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी तुला वाईट वाटावं म्हनून बोललो नवतो. उघड इंजिन. पोर माझ्या गाडीतून जाऊ दे." तो खरंच कळवळून बोलत होता. मी जवळजवळ हो म्हणालोच होतो. मिस्त्रीने पाना हातात घेतला तेव्हा मला एकदम भडका आला.

"हात लावू नको कोणी!" मी ओरडलो. "सहा वर्षं माझं इंजिन उघडलेलं नाय. मी ऐकल्याशिवाय उघडनार नाय."

मी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला. कारखान्यात आम्ही असंच करायचो. टोक यंत्रावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडावर धरायची, म्हणजे आतलं सगळं स्वच्छ ऐकू येतं. वरच्या भागावर टेकवला, तीन मुसळांचा ताल, स्वच्छ. मधल्या भागावर टेकवला, स्वच्छ. दोनदा, तीनदा ऐकलं. बेरिंग गेलेलं असतं तर तिथं घण पडल्यासारखं ऐकू आलं असतं. तिथं काहीच नव्हतं. मी गाडीखाली उताणा झोपलो. इंजिनाच्या पोटाखाली दगडधोंड्यांपासून बचावासाठी एक जाड पत्रा लावलेला असतो. मी पाय वर करून त्या पत्र्याला जोरात रेटा दिला.

आवाज बंद.

पाय काढला, खट खट. परत रेटा दिला, बंद. "इंजिन बंद करा आनि तेरा नंबरचा पाना द्या," मी खालून म्हणालो. माझा आवाज बदललेला मलाच जाणवला. चार बोल्ट काढले, पत्रा एका बाजूने खाली आला, आणि वरून एक दगड टपकन माझ्या छातीवर पडला. लिंबाएवढा, नदीतला, गुळगुळीत. त्याला जळून काळ्या पडलेल्या फडक्याची एक चिंधी चिकटलेली होती आणि चिंधीत कुंकू.

मी गाडीखालून बाहेर आलो तो दगड हातात धरूनच. इंजिन परत चालू केलं. आवाज नव्हता. मिस्त्रीने दगड हातात घेतला, उलटसुलट केला, आणि म्हणाला, "हे सामान कंपनीचं नाय." मग मात्र सगळं गॅरेज हसलं.

दगड कोणाचा हे मला कुंकू बघूनच समजलं होतं. घरी गेलो आणि आईसमोर ठेवला. तिने तो लगेच ओळखला.

"आय, हा कधी ठेवलास?"

"पैल्या दसऱ्याला," ती म्हणाली. "तुमी गाडीची पूजा करीत व्हताव, झाकन उघडं व्हतं. तीनच हायत म्हनून चवथा ठेवला. त्या मोठ्या डब्याच्या मागं." म्हणजे बॅटरीच्या मागे. सहा वर्षं उष्णतेने फडकं जळत गेलं, आणि त्या दिवशीच्या खड्ड्याने दगड निसटून खाली पत्र्यावर पडला. इंजिनाच्या पोटाला तो ठोकत होता. आई ओशाळून बघत होती. मला ओरडायचं होतं, पण हसूच फुटलं. सहा वर्षं तिने माझ्या गाडीची काळजी केली होती, फक्त तिच्या पद्धतीने.

पण दादा कुठला हार मानायला! त्याने दगड उचलला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, "आता कललं? चवथा व्हता, म्हनून सहा वर्षं चालली!"

"अरे, त्याच्यामुळेच तर आज आवाज येत होता!"

"तो पडल्यावर आला. जागेवर व्हता तवर काय झालं का? आये, परत ठेव तो."

आईने हात पुढे केला. तिचे डोळे भरून आले होते, नात घाटातून जाणार या भीतीने. मला काय करावं ते सुचेना. दगड परत ठेवला असता तर आई सुखावली असती, दादाही कदाचित गप्प बसला असता. पण मग गाडी वर पोचली असती ती दगडाच्या नावावर.

तेवढ्यात मुलगी पुढे आली. तिने दगड आजीच्या हातातून अलगद घेतला, तुळशीपाशी नेऊन ठेवला आणि परत आली. "आजी, त्याची पूजा तिथं करू," ती म्हणाली. "गाडीत नको. बाबांची गाडी चढेल ती तिची ती चढेल. आनि काका, तुमाला भीती वाटते ना, मग तुमी आमच्या गाडीत पुढं बसा. बंद पडली तर मी तुमच्या गाडीत येईन, गपचूप."

दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "बसनारच हाय. शब्दाला जाग."

लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो. माझ्या गाडीत मी आणि शेजारी दादा, मधे मुलगी, बायको आणि वहिनी, मागे रुखवताच्या पेट्या आणि त्यांच्यावर बसलेली पोरं. टपावर भांडी. गाडी भरून ओथंबत होती. मागून दादाची जीप, चालवायला पुतण्या, आणि आत आई, मुद्दाम त्या गाडीत बसलेली. वैशाखरे मागे पडलं आणि घाट सुरू झाला. कातळ तापून पांढरा झाला होता. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि दुसरा गिअर टाकला.

"टाक तिसऱ्यात," दादा म्हणाला. "कशाला बोंबलवतोस तिला?"

मी टाकला नाही.

"अरे टाक! चढेल!"

"दादा, आज गाडी मी चालवतोय," मी म्हणालो. आरशात मुलगी दिसत होती. मुंडावळ्या बांधलेल्या, आणि तिच्या ओठांवर हसू होतं, पण तिने सीटची कड घट्ट धरली होती.

अर्धा घाट झाला आणि एका उभ्या वळणावर पुढची एसटी थांबली. वरून भाजीचा ट्रक येत होता, त्याला वाट द्यायला. मला थांबावं लागलं, ऐन चढावर, नाकाड वर करून. दादाने तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. भरल्या गाडीला चढावर थांबवून परत उचलणं म्हणजे काय, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मागे त्याची जीपही थांबली. ट्रक गेला. एसटी हलली. मागच्या पोरांचा गलका बंद झाला होता.

मी इंजिनाला जरा मोकळं फिरू दिलं. तीन मुसळांचा ताल भरून आला. क्लच सोडत आणला, गाडीने पुढे ओढ घेतली, आणि मी हँडब्रेक खाली केला. गाडी वीतभरही मागे गेली नाही. उचलली आणि चढायलाच लागली.

"दादा," मी म्हणालो, "डॅशबोर्डवर हात ठेव. हलते का बघ."

त्याने ठेवला. पूर्ण तळवा टेकवला. एक वळण गेलं, दुसरं गेलं, बोगदा गेला. हात तसाच होता. मी तापमानाच्या काट्याकडे बघितलं, तो मधोमध. मग त्याने हात काढला, आपल्या मांडीवर ठेवला, आणि मला गिअर सांगायचं बंद केलं. घाटमाथ्यावर गार वारा आत आला तेव्हा पोरांनी एकदम आरोळी ठोकली. मीही ठोकली. पन्नाशीचा नवरीचा बाप, पण मला लाज वाटली नाही. मला रडूही येत होतं, ते मी वाऱ्यावर ढकललं.

व्याह्यांच्या दारात पोचलो तर वाजंत्री वाजत होती. मी मिनिटभर इंजिन चालू ठेवलं. व्याही पुढे आले, हातात नारळ, आणि गाडीजवळ येऊन जरा थबकले. कान देऊन ऐकलं.

"तीनच सिलिंडर ना हिला?" त्यांनी विचारलं.

"तीनच," दादा म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"मंग काळजीच न्हाई," व्याही म्हणाले आणि मांडवामागे हात केला. तिथं पाण्याच्या टाकीला जोडलेला एक लाल ट्रॅक्टर उभा होता, रंग उडालेला. "तीन सिलिंडरचाच हाय आमचा. नवरदेव जल्मला त्या साली घेतला. आज त्याचं लगीन लागतंय, पर इंजिनाला अजून पाना लावला न्हाई कुनी."

दादा सरळ ट्रॅक्टरकडे गेला. मीही त्याच्यामागे गेलो. आम्ही दोघांनी वाकून मोजले. एक, दोन, तीन. असलाच ट्रॅक्टर दर पावसाळ्यात आमच्या भातखाचरात चिखलणीला येतो. दादा त्याच्यापुढे बांधावर उभा राहून त्याची ताकद वाखाणतो. सहा वर्षं मी नाक्यावर घसा फोडला, आणि एवढा मोठा साक्षीदार आमच्याच बांधावर येऊन जात होता, त्याला मी एकदाही बोलावलं नाही. मी कपाळावर हात मारला.

दादा सरळ उभा राहिला. धोतराला हात पुसले. मग व्याह्यांच्या खांद्यावर हात टाकून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी तर ह्याला पैल्यापासून सांगत व्हतो, पावनं. तीनाचं घे म्हनून. माझाच सल्ला. भावाची गाडी हाय, आज भरली घाट चढून आली, घाम नाय आला तिला!"

मी तोंड उघडलं. सहा वर्षांची सगळी उत्तरं जिभेवर आली. तेवढ्यात गाडीतून हसण्याचा आवाज आला. माझी मुलगी सीटवर वाकून हसत होती, मुंडावळ्या बाजूला झाल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिची सासू तिला उतरवायला हात पुढे करून स्वतःही हसायला लागली होती. मी तोंड मिटलं. आमच्या घरातल्या सगळ्या पोरी रडत सासरी गेल्या. ही हसत गेली, आणि माझ्या गाडीतून गेली.